अध्याय आणि वचन: बायबलमधील आकड्यांची कुळकथा

बायबलमधील वाक्याचा पत्ता तीन गोष्टींनी सांगतात: पुस्तकाचे नाव, अध्यायाचा आकडा आणि वचनाचा आकडा. ‘योहान ३:१६’ एवढे लिहिले की कोणत्याही भाषेतले आणि कोणत्याही पंथाचे बायबल उघडून तेच वाक्य काढता येते. प्रॉटेस्टंट परंपरेच्या बायबलात ६६ पुस्तके, १,१८९ अध्याय आणि ३१ हजारांहून अधिक वचने आहेत. ही विभागणी मूळ लेखकांची नव्हे. अध्याय तेराव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये रूढ झाले; नव्या करारातील वचनांचे आकडे १५५१ साली एका मुद्रकाने छापले. त्याआधीच्या हजार वर्षांत संहितेचे तुकडे पाडण्याच्या अनेक पद्धती आल्या आणि मागे पडल्या. यांतली जवळजवळ प्रत्येक पद्धत कामाच्या सोयीसाठी निघाली. कोणी ग्रंथांची तुलना करत होते, कोणी शिकवत होते, कोणी वाद घालत होते, तर कोणी रकाने जुळवत होते. सोय म्हणून आलेल्या या आकड्यांनी पुढे वाचनालाच वळण लावले.

आकड्यांपूर्वीची संहिता

नव्या करारातील पुस्तके पहिल्या शतकात आणि दुसऱ्याच्या आरंभी ग्रीक भाषेत लिहिली गेली. त्या काळच्या ग्रीक लेखनात शब्दांमध्ये जागा सोडत नसत. अक्षरे एकामागून एक सलग येत, विरामचिन्हे तुरळक असत आणि शब्द कुठे तुटतो हे वाचकाने मोठ्याने वाचत ठरवायचे असे. अशा लेखनात एखादे वाक्य नेमके दाखवायचे तर ग्रंथाचे नाव किंवा प्रसंगाची खूण एवढीच साधने होती.

नव्या करारातच याचे नमुने आहेत. मार्कच्या शुभवर्तमानात येशू निर्गम या पुस्तकाचा दाखला देतो तो ‘झुडपाच्या प्रसंगी’ अशा शब्दांत. मोशेला जळते झुडूप दिसल्याची कथा ऐकणाऱ्यांना ठाऊक आहे, हे त्यात गृहीत आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल एलीयाच्या कथेकडे त्याच रीतीने बोट दाखवतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा कर्ता आठव्या स्तोत्रातील ओळी देताना कोणीतरी कुठेतरी अशी साक्ष दिली आहे एवढेच म्हणतो. मार्कच्या आरंभी यशयाच्या नावावर जे अवतरण आहे, त्याचा पहिला भाग प्रत्यक्षात मलाखीच्या पुस्तकाशी जुळतो. आकड्याने ओळखल्या जात त्या स्तोत्रांसारख्या मुळातच सुट्या असलेल्या रचना. प्रेषितांच्या कृत्यांत ‘दुसरे स्तोत्र’ असा उल्लेख येतो तो यामुळेच.

हिब्रू शास्त्राची स्थिती थोडी निराळी होती. सभास्थानात त्याचे जाहीर वाचन होई, त्यामुळे विरामाच्या जागा ठरलेल्या होत्या. मृत समुद्राकाठी सापडलेल्या गुंडाळ्यांत परिच्छेदांमध्ये सोडलेली कोरी जागा दिसते. वचन हे एककही वाचनातूनच आले. वाचकाने हिब्रू वाचायचे आणि दुसऱ्याने ते अरामी भाषेत सांगायचे, अशी रीत होती. मोशेच्या ग्रंथांतले एका वेळी एकच वचन अनुवादकाला द्यावे, असा नियम ‘मिश्ना’ या प्राचीन ज्यू नियमसंग्रहात आहे. वचनांच्या सीमा अशा पक्क्या झाल्या, तरी त्यांना आकडे नव्हते.

नकलकारांचे तुकडे

ग्रीक हस्तलिखितांतील सर्वांत जुन्या मोजणीचा संबंध मजुरीशी आहे. नकलकाराला ओळींच्या हिशेबाने पैसे मिळत. सम्राट डायोक्लीशियनच्या ३०१ सालच्या दरपत्रकात उत्तम प्रतीच्या लेखनाला शंभर ओळींमागे २५ दिनार असा दर आहे. अनेक जुन्या प्रतींत पुस्तकाच्या शेवटी ओळींची बेरीज दिलेली असते ती या व्यवहारामुळे. एखाद्या नकलेत ओळी गाळल्या आहेत का, हेही त्या बेरजेवरून तपासता येई.

आशयानुसार पाडलेले विभाग चौथ्या शतकापासून स्पष्ट दिसतात. व्हॅटिकन ग्रंथालयातील ‘कोडेक्स व्हॅटिकानुस’ या प्रतीत मत्तयाचे १७०, मार्कचे ६२, लूकचे १५२ आणि योहानाचे ८० विभाग आहेत. पाचव्या शतकातील ‘कोडेक्स अलेक्झांड्रिनुस’मध्ये दुसरीच पद्धत आहे: मत्तयाचे ६८, मार्कचे ४८, लूकचे ८३ आणि योहानाचे १८ विभाग. तेथे प्रत्येक विभागाला मथळा आहे. पुढे बायझंटिन काळात हीच पद्धत सर्वत्र पसरली. तिच्यात पहिला विभाग पुस्तकाच्या पहिल्या ओळीपासून सुरू होत नाही. आरंभीचा मजकूर प्रस्तावना समजून आकड्याविना ठेवला आहे, म्हणून मत्तयाचा पहिला विभाग आजच्या दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला पडतो.

हे जुने आकडे पाठचिकित्सकांना वेगळ्याच कारणाने मोलाचे वाटतात. व्हॅटिकानुसमध्ये पौलाच्या पत्रांचे विभाग सलग मोजले आहेत. गलतीकरांस पत्र ५८व्या विभागावर संपते आणि त्यापुढचे इफिसकरांस पत्र एकदम ७०व्या विभागापासून सुरू होते. मधले आकडे बऱ्याच पुढे, इब्री लोकांस पत्रात सापडतात. ते ५९पासून सुरू होते. म्हणजे हा क्रम ज्या प्रतीवरून उतरला, तिच्यात इब्री लोकांस पत्र गलतीकरांस पत्राच्या लगेच पुढे होते. नव्या प्रतीत पत्रांची जागा बदलली, आकडे मात्र जसेच्या तसे उतरवले गेले. हरवलेल्या पूर्वज-प्रतीची रचना अशी समासातल्या आकड्यांवरून कळते.

युसेबियसचे दहा तक्ते

शुभवर्तमाने चार आहेत आणि त्यांतले बरेच प्रसंग समान आहेत. एकच प्रसंग चौघांनी कसा सांगितला हे पाहण्याची गरज लवकरच भासू लागली. दुसऱ्या शतकात तातियनने चारही शुभवर्तमाने गुंफून एक सलग कथन तयार केले आणि ते सीरियाक मंडळ्यांत दीर्घकाळ वाचले गेले. अलेक्झांड्रियाच्या अमोनियसने दुसरा मार्ग धरला. त्याने मत्तयाची संहिता सलग ठेवून तिच्या शेजारी इतर तिघांतील समांतर भाग मांडले. यात मत्तयाचा क्रम शाबूत राहिला, पण इतर तिघांची संहिता तुकड्यातुकड्यांत विखुरली.

कैसरियाचा बिशप युसेबियस (सुमारे २६०–३३९) याने ही अडचण सोडवली. त्याच्या हाताशी पँफिलसने जमवलेला मोठा ग्रंथसंग्रह होता. हिब्रू मूळ आणि ग्रीक भाषांतरे शेजारशेजारच्या रकान्यांत मांडणारा ओरिजेनचा ‘हेक्साप्ला’ हा प्रचंड ग्रंथही तिथेच होता. समांतर मांडणीची सवय त्या विद्यापरंपरेत मुरलेली होती. कार्पियानस नावाच्या व्यक्तीला लिहिलेल्या छोट्या पत्रात युसेबियसने आपली युक्ती समजावली आहे. अमोनियसच्या प्रयत्नाचे श्रेय तो देतो, मात्र चारही शुभवर्तमाने आपापल्या क्रमाने अखंड राहावीत, असा त्याचा आग्रह आहे.

युक्ती अशी. प्रत्येक शुभवर्तमानाचे लहानमोठे विभाग पाडून त्यांना सलग आकडे द्यायचे. मत्तयाचे ३५५, मार्कचे २३३, लूकचे ३४२ आणि योहानाचे २३२, असे एकूण १,१६२ विभाग झाले. त्यानंतर दहा तक्ते करायचे. पहिल्यात चौघांत समान असलेले विभाग. दुसऱ्या ते चौथ्यात कोणत्या तरी तिघांत समान असलेले. पाचव्या ते नवव्यात दोघांत समान असलेले. दहाव्यात प्रत्येकाचे एकट्याचे. समासात काळ्या शाईने विभागाचा आकडा आणि त्याखाली लाल शाईने तक्त्याचा आकडा लिहायचा. पाच हजारांना भोजन दिल्याच्या प्रसंगापाशी मत्तयाच्या समासात १४७ आणि त्याखाली १ दिसतो. वाचकाने पहिला तक्ता काढून १४७ शोधावा. त्याच ओळीत मार्कचा ६४, लूकचा ९३ आणि योहानाचा ४९ हे आकडे मिळतात. मूळ मजकुराचा एक शब्दही न हलवता चार ग्रंथांत ये-जा करता येते.

हे तक्ते निव्वळ यंत्रवत केलेले नाहीत. तिसऱ्या तक्त्याच्या आरंभी युसेबियसने मत्तय आणि लूक यांतील येशूच्या वंशावळी योहानाच्या पहिल्या विभागाशी जोडल्या आहेत. योहानात वंशावळ नाही. तिथे आरंभापासून देवाजवळ असलेल्या शब्दाचे वर्णन आहे. शब्दशः साम्य नसलेले हे भाग एका ओळीत आणणे म्हणजे येशूच्या मानवी आणि दैवी उगमाविषयीचे भाष्यच होय. तक्ता पाहणाऱ्या वाचकापर्यंत ते एका वाक्याविनाही पोहोचते.

पद्धत वेगाने पसरली. चौथ्या शतकातील ‘कोडेक्स सिनाइटिकुस’च्या समासात युसेबियसचे आकडे आहेत. ३८३–८४च्या सुमारास जेरोमने शुभवर्तमानांची सुधारलेली लॅटिन संहिता पोप दमासस यांना सादर केली, तेव्हा सोबतच्या पत्रात या तक्त्यांचा उपयोग सांगितला. तिथून ते लॅटिन प्रतींत स्थिरावले. सीरियाक, आर्मेनियन, जॉर्जियन, इथिओपिक अशा भाषांच्या प्रतींतही ते गेले. इथिओपियातील गरिमा मठाची शुभवर्तमाने आणि ५८६ सालची सीरियाक ‘रब्बुला शुभवर्तमाने’ यांत हे तक्ते कमानी आणि खांबांच्या रंगीत चौकटींत रेखले आहेत. पक्षी, वेली आणि फुलांनी ती पाने भरली आहेत. पुढे काही ठिकाणी शोभेने उपयोगावर मात केली. आयर्लंडच्या प्रसिद्ध ‘बुक ऑफ केल्स’मध्ये तक्ते डौलदार आहेत, पण शुभवर्तमानांच्या समासात विभागांचे आकडे घातलेलेच नाहीत. त्यामुळे तक्त्यावरून काहीही शोधता येत नाही.

कलेतिहासकार कार्ल नॉर्डेनफाल्क यांनी १९३८ साली या चौकटींचा मूलभूत अभ्यास प्रसिद्ध केला. मॅथ्यू क्रॉफर्ड यांच्या २०१९च्या ग्रंथाने तक्त्यांकडे माहितीची मांडणी करणारे साधन म्हणून पाहिले. नेस्ले-आलांड या ग्रीक नव्या कराराच्या प्रमाण चिकित्सक आवृत्तीत युसेबियसचे आकडे आजही आतल्या समासात छापतात.

पॅरिसचे अध्याय

युसेबियसचे आकडे शुभवर्तमानांपुरते होते. उरलेल्या बायबलसाठी लॅटिन जगात एकमत नव्हते. व्हल्गेट या जेरोमच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लॅटिन बायबलच्या प्रतींत विभागणीच्या अनेक परंपरा नांदत होत्या. मठात एकच प्रत वाचणाऱ्या संन्याशांना त्याची अडचण नव्हती. बाराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये विद्यापीठ आकाराला येऊ लागले, तेव्हा परिस्थिती बदलली. निरनिराळ्या देशांतून आलेले अध्यापक आणि विद्यार्थी आपापल्या प्रती घेऊन एका वर्गात बसत. गुरूने सांगितलेला अध्याय प्रत्येकाच्या प्रतीत वेगळ्या जागी निघे.

आजच्या अध्यायांचे श्रेय परंपरेने स्टीफन लँग्टन याला दिले जाते. तो पॅरिसमध्ये अनेक वर्षे शास्त्राचा अध्यापक होता. पुढे १२०७ साली तो कँटरबरीचा आर्चबिशप झाला. इंग्लंडच्या राजाने १२१५ साली मान्य केलेल्या ‘मॅग्ना कार्टा’च्या घडामोडींतही त्याचा मोठा वाटा होता. या अध्यायांची मुळे इंग्लंडमधील सेंट ऑल्बन्स मठाच्या हस्तलिखितांत लँग्टनच्या आधीच दिसतात, अशी मांडणी पॉल सेंगर यांनी केली आहे. जनक कोणीही असो, प्रसार पॅरिसमधून झाला. १२३०च्या सुमारास तेथील व्यावसायिक नकलकार पातळ चर्मपत्रावर, बारीक अक्षरांत, संपूर्ण बायबल एका खंडात मावेल अशा प्रती तयार करू लागले. त्यांत पुस्तकांचा क्रम ठरलेला होता, नवे अध्याय होते आणि शेवटी हिब्रू नावांच्या अर्थांची सूची होती. फिरते प्रवचनकार असलेले डोमिनिकन आणि फ्रान्सिस्कन संन्यासी त्या प्रती घेऊन युरोपभर गेले आणि त्यांच्याबरोबर अध्यायही गेले.

अध्याय ठरल्यावर शब्दसूची शक्य झाली. पॅरिसच्या सेंट जाक येथील डोमिनिकन मठात सेंट शेरचा ह्यू याच्या देखरेखीखाली बायबलमधील शब्दांची पहिली मोठी सूची १२३०नंतरच्या दशकात तयार झाली. शब्द कुठे येतो हे सांगायला अध्यायाचा आकडा फार ढोबळ होता. म्हणून प्रत्येक अध्यायाचे मनातल्या मनात सात समान भाग कल्पून त्यांना लॅटिन वर्णमालेतील पहिली सात अक्षरे दिली. अध्याय लहान असेल तर चारच. शब्द अध्यायाच्या आरंभी, मध्ये की शेवटी आहे, एवढे त्या अक्षरावरून कळे. वचनांचे आकडे छापले जाईपर्यंत सुमारे तीन शतके विद्वानांचे काम याच खुणांवर चालले.

हिब्रू बायबलात हे अध्याय आले ते वादविवादाच्या वाटेने. मध्ययुगीन युरोपात ज्यू पंडितांना ख्रिस्ती प्रतिपक्षाशी जाहीर वाद घालावे लागत. बार्सेलोना येथे १२६३ साली आणि तोर्तोसा येथे १४१३–१४ साली असे मोठे वाद झाले. प्रतिपक्ष अध्यायाचा आकडा सांगून दाखला देई, तो हिब्रू गुंडाळीत शोधायचा कसा? चौदाव्या शतकात शलोमो बेन इश्माएल याने हिब्रू प्रतीच्या समासात ख्रिस्ती अध्यायांचे आकडे नोंदवले. आर्ल येथील इसाक नाथान याने १४३७ साली हिब्रू शब्दसूचीचे काम हाती घेतले आणि लॅटिन अध्यायांचाच आधार घेतला. ती सोळाव्या शतकात व्हेनिसला डॅनियल बॉम्बर्गच्या छापखान्यात छापली गेली. हिब्रू वचने प्राचीन आणि अध्याय लॅटिन, अशी आजच्या हिब्रू बायबलची जोडणी या मार्गाने झाली.

मुद्रकाचे आकडे

छापखान्याने पानावर आकडे घालणे स्वस्त केले. स्तोत्रांचा पाच लॅटिन पाठांतील संग्रह जाक लफेव्र देताप्ल याने १५०९ साली पॅरिसला प्रसिद्ध केला. त्यात स्तोत्रांच्या वचनांना आकडे होते. त्याचा मुद्रक होता आँरी एस्तिएन. सांतेस पान्यिनी या डोमिनिकन पंडिताने हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले नवे लॅटिन भाषांतर १५२८ साली लियाँला छापले गेले आणि त्यात संपूर्ण बायबलच्या वचनांना आकडे दिले होते. जुन्या करारासाठी त्याने हिब्रू वचने घेतली, ती टिकली. नव्या करारातील त्याची वचने बरीच लांब होती. ती कोणी उचलली नाहीत.

नव्या कराराची आजची वचने आँरीचा मुलगा रोबेर एस्तिएन (१५०३–१५५९) याची आहेत. तो फ्रान्सच्या राजाचा मुद्रक होता आणि विद्वानही होता. त्याच्या बायबल आवृत्त्यांतील टिपांवरून पॅरिसच्या धर्मशास्त्र्यांशी त्याचा वर्षानुवर्षे संघर्ष चालला. १५५०मध्ये ग्रीक नव्या कराराची देखणी राजमुद्रा-आवृत्ती काढल्यावर तो जिनिव्हाला निघून गेला. तिथे १५५१ साली त्याने चौथी आवृत्ती छापली. मध्ये ग्रीक मूळ आणि दोन्ही बाजूंना दोन लॅटिन भाषांतरे: एक व्हल्गेट, दुसरे इरास्मसचे. तीन रकान्यांतला मजकूर समोरासमोर ठेवायचा तर लहान, आकडे दिलेले तुकडे हवेतच. शिवाय ग्रीक शब्दसूचीचा बेत त्याच्या मनात होता. ती सूची त्याचा मुलगा, दुसरा आँरी, याने १५९४ साली प्रसिद्ध केली.

त्या सूचीच्या प्रस्तावनेत मुलाने लिहिले की वडिलांनी या विभागणीचे बरेचसे काम पॅरिसहून लियाँला जाताना घोड्यावरच्या प्रवासात केले. यावरून घोडा ठेचकाळला तिथे वचन तुटले, अशी थट्टा रूढ झाली. प्रवासातल्या मुक्कामांवर बसून काम झाले असेल, असा अर्थही अभ्यासक लावतात.

पुढची वाटचाल झपाट्याची आहे. १५५३ साली एस्तिएनने फ्रेंच बायबल वचनांच्या आकड्यांसह छापले आणि १५५५ साली संपूर्ण व्हल्गेट. १५५७ साली विल्यम व्हिटिंगहॅमचा इंग्रजी नवा करार जिनिव्हात निघाला आणि १५६० साली संपूर्ण ‘जिनिव्हा बायबल’. त्यात प्रत्येक वचन नव्या ओळीवर, स्वतंत्र परिच्छेदासारखे छापले होते. १६११च्या किंग जेम्स बायबलने तीच मांडणी ठेवली. रोमने सुरुवातीला वेगळा प्रयत्न केला: १५९०च्या पोपमान्य व्हल्गेटमध्ये वचनांचे निराळे आकडे होते. दोनच वर्षांनी, १५९२च्या क्लेमेंटाइन आवृत्तीत, ते काढून एस्तिएनचे आकडे परत आणले. पॅरिसच्या धर्मशास्त्र्यांनी ज्याचा पिच्छा पुरवला, त्या मुद्रकाची विभागणी अशी कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट या दोन्ही पंथांना मान्य झाली.

आकड्यांनी घडवलेले वाचन

वचन सुटे छापले गेले की ते सुटे वाचलेही जाते. सतराव्या शतकात धर्ममताच्या प्रत्येक विधानाखाली वचनांचे आकडे पुराव्यादाखल जोडण्याची पद्धत बळावली. इंग्लंडच्या पार्लमेंटने वेस्टमिन्स्टर येथील धर्मसभेकडून मतपत्रिकेसाठी असे पुरावे मागून घेतले आणि सभेने ते १६४७ साली दिले. जॉन लॉक या तत्त्वज्ञाने पौलाच्या पत्रांवरील आपल्या लेखनात या सवयीवर टीका केली. त्या लेखनाचे प्रकाशन १७०७ साली, त्याच्या मृत्यूनंतर, पूर्ण झाले. पत्राचे असे तुकडे केले की वाचकाला ती सुटी सुभाषिते वाटतात आणि लेखकाच्या युक्तिवादाचा धागा हरवतो, असे त्याचे म्हणणे होते.

काही ठिकाणी अध्यायांच्या सीमाही अर्थाच्या आड येतात. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात सहा दिवसांची निर्मिती संपते, पण सातव्या दिवसाची विश्रांती दुसऱ्या अध्यायात जाते. प्रेषितांच्या कृत्यांचा २१वा अध्याय वाक्याच्या मध्येच संपतो: पौल बोलू लागला असे म्हणून अध्याय थांबतो आणि त्याचे बोलणे २२व्यात सुरू होते. यशयातील दुःख सोसणाऱ्या सेवकाचे गीत ५२:१३पासून सुरू होऊन ५३व्या अध्यायाच्या अखेरीस संपते. बर्नहार्ड डूम या जर्मन अभ्यासकाने १८९२ साली ते स्वतंत्र गीत म्हणून वेगळे काढले, तेव्हा अध्यायाची सीमा त्याच्या पोटातून जाते हे ठळक झाले. कधी वचनही अपुरे पडते. उत्पत्ती २:४च्या पूर्वार्धात निर्मितीचे एक वृत्त संपते आणि उत्तरार्धात दुसरे सुरू होते, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. म्हणून ते या वचनाचे दोन भाग अक्षरे जोडून वेगळे दाखवतात.

परंपरांमधले फरकही पूर्ण मिटलेले नाहीत. ग्रीक आणि लॅटिन परंपरेत नववे आणि दहावे स्तोत्र एकच धरले जाते, त्यामुळे हिब्रू क्रमातले २३वे, मेंढपाळाचे स्तोत्र तिथे २२वे होते. हिब्रू आवृत्त्यांत स्तोत्राचे शीर्षक अनेकदा वचन म्हणून मोजतात, म्हणून आकडा एकाने पुढे सरकतो. हिब्रू बायबलात योएलचे चार आणि मलाखीचे तीन अध्याय आहेत. इंग्रजी वळणाच्या बायबलांत, आणि मराठीतही, हे प्रमाण उलटे आहे.

मराठीतील प्रवेश

मराठीत बायबलची कथा आली ती या आकड्यांविना. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या जेझुइट धर्मगुरूचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याची विभागणी पुराणाच्या धाटणीची आहे: पहिले आणि दुसरे अशी दोन पुराणे, त्यांत ९५ अवस्वरू (सर्ग) आणि सुमारे ११ हजार ओव्या. जुन्या आणि नव्या करारातील कथा तिथे नव्या ग्रंथरचनेत मांडल्या आहेत, त्यामुळे ‘क्रिस्तपुराणा’तील आकड्याचा बायबलमधील आकड्याशी मेळ नाही. आकड्यांची युरोपीय चौकट मराठीत आली ती भाषांतरांबरोबर. सेरामपूरहून विल्यम कॅरी आणि त्याच्या पंडितांनी केलेला नवा करार १८११ साली निघाला. मुंबईच्या अमेरिकन मिशनचा नवा करार १८२६ साली. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले संपूर्ण भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, केडगावच्या मुक्ती मिशनमधून प्रसिद्ध झाले.

रिकामे आकडे

एस्तिएनने ज्या ग्रीक संहितेला आकडे दिले, ती मुख्यतः उशिराच्या बायझंटिन हस्तलिखितांवर आधारलेली होती. १७०७ साली जॉन मिलने सुमारे ३० हजार पाठभेदांची नोंद असलेली आवृत्ती काढली. शेकडो प्रतींतील फरक नोंदवायचे तर प्रत्येक फरकाला नेमकी जागा लागते आणि ती जागा वचनांच्या आकड्यांनी पुरवली. त्याच नोंदींतून पुढे दिसून आले की काही वचने जुन्या प्रतींत नाहीतच. योहान ५:४मध्ये देवदूत येऊन तळ्याचे पाणी ढवळत असे, असे सांगितले आहे. ते सिनाइटिकुस आणि व्हॅटिकानुसमध्ये नाही, तसेच विसाव्या शतकात उजेडात आलेल्या बोडमर संग्रहातील दोन पपायरसांतही नाही. मत्तय १७:२१, मार्क ९:४४ आणि ९:४६, प्रेषितांची कृत्ये ८:३७ हीही अशीच वचने आहेत.

१८८१ साली वेस्टकॉट आणि हॉर्ट यांची ग्रीक आवृत्ती आली. त्याच वर्षीच्या सुधारित इंग्रजी नव्या करारात मजकूर पुन्हा परिच्छेदांत छापला गेला. १८९८ साली एबेरहार्ड नेस्लेची आवृत्ती आली आणि तिच्याच वंशातली २८वी आवृत्ती २०१२ साली निघाली. या आवृत्त्यांनी संशयित वचने मुख्य संहितेतून काढून तळटिपेत नेली. आकडे मात्र बदलले नाहीत. मत्तयाच्या १७व्या अध्यायात विसाव्या वचनानंतर एकदम बाविसावे येते. आकडे नव्याने लावले असते, तर गेल्या चार शतकांतील टीकाग्रंथ, शब्दकोश आणि सूच्या यांचे सगळे संदर्भ चुकले असते.

नव्याने उजेडात आलेल्या किंवा तर्काने उभ्या केलेल्या ग्रंथांनाही आता लगेच आकडे द्यावे लागतात. नाग हम्मादी येथे १९४५ साली सापडलेल्या कॉप्टिक हस्तलिखितांतील ‘थोमाचे शुभवर्तमान’ १९५९ साली संपादित झाले, तेव्हा त्यातील उक्ती ११४ अशा मोजल्या गेल्या आणि आज तोच क्रम सर्वत्र वापरतात. मत्तय आणि लूक या दोघांनी वापरलेला एक हरवलेला उक्तिसंग्रह होता, असे अनेक अभ्यासक मानतात आणि त्याला ‘क्यू’ म्हणतात. त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चिकित्सक आवृत्तीत उक्तींचा पत्ता लूकच्या अध्याय-वचनांनी दिला आहे. हाती नसलेल्या ग्रंथातील वाक्यही एस्तिएनच्या आकड्याने शोधले जाते ते यामुळे.